सोनपट्टी आणि मोळी

माझ्या आत्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना कायमचा तपकिरी रंग बसला होता. साबणाने तो जात नसे, राखेने घासला तरी जात नसे. माझी आई तिला चिडवायची, "वन्सं, तुमची बोटं लागली तर मीठसुद्धा कडू होईल." त्यावर आत्या म्हणायची, "चाखून बघा वहिनी, मग बोला." आत्या एकतीस वर्षं सिगार वळत होती, आणि चाखल्याशिवाय कुणी बोललेलं तिला कधी खपलं नाही.

तिच्या कारखान्यात एक लांबच लांब खोली होती. एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत, आणि मध्ये दोन मेजं. खिडकीकडचं मेज सोनपट्टीचं, भिंतीकडचं मोळीचं. सोनपट्टी ही कारखान्याची नामांकित सिगार. तिच्या कमरेला सोनेरी कागदाची पट्टी असे, आणि पंचवीस-पंचवीस नग लाकडी खोक्यात शेजारी शेजारी दाबून बसवून वर झाकण ठोकलेलं असे. मोळी म्हणजे पंचवीस नगांची जुडी, कापडी फितीने आवळलेली. पट्टी नाही, खोकं नाही. सोनपट्टीची किंमत मोळीच्या चौपट.

आता गंमत ऐका. दोन्हींचं पान एकाच ढिगातून येई. पोटात भरायची पानं तीच, ती आवळून बांधायचं पान तेच. फरक फक्त सर्वांत वर गुंडाळायच्या पानाचा, आणि तोही रंगाचा. चार बायका दिवसभर खिडकीखाली बसून ती पानं निवडत. एकसारख्या रंगाचं नितळ पान सोनपट्टीकडे जाई. डाग असलेलं, शीर उठून दिसणारं, कडेला हिरवट झाक राहिलेलं पान भिंतीकडे, मोळीच्या मेजावर येई. तिथे आत्या आणि तिच्याबरोबरचे सात जण ते वळत.

थोरल्या मालकांनी एक नियम घालून दिला होता. दुपारची घंटा झाली की प्रत्येकाने सकाळी आपल्या हाताने वळलेली एक सिगार अंगणात बसून ओढायची. कमी भरली असेल तर ती भसाभस जळून हात पोळायचा, जास्त ठासली असेल तर ओढून ओढून गाल दुखायचे. "ज्याचं पाप त्याच्याच तोंडात," असं थोरले मालक हसून म्हणायचे. शनिवारी मात्र दोन्ही मेजं आपापल्या सिगारींची आपसात अदलाबदल करत. म्हणजे एकतीस वर्षांत आत्याने दीड हजारांवर सोनपट्ट्या ओढल्या होत्या. तिला त्यात आणि मोळीत कधीही फरक लागला नव्हता.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक गादीवर बसले. माणूस वाईट नव्हता, पण छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास. सिगारींना शंभरापैकी गुण देणारे एक परीक्षक होते. त्यांचे गुण एका मासिकात छापून येत आणि दुकानदार ते कापून काचेला चिकटवत. त्या महिन्यात परीक्षकांनी सोनपट्टीला ब्याण्णव गुण दिले आणि मोळीला अडुसष्ट. धाकटे मालक मासिक हातात घेऊन दोन मेजांच्या मधोमध उभे राहिले.

"दोन महिन्यांनी मोळी बंद," ते म्हणाले. "एकाच घरातून अशी लाज बाहेर जायला नको."

"आणि आम्ही?" आत्याने विचारलं.

"तुम्हाला थोडं आधी सांगतोय ते त्यासाठीच. दुसरीकडे बघायला वेळ मिळेल."

मोळीच्या मेजावर सगळ्यांत तरुण माणूस पंचेचाळिशीचा होता. त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं? आत्या उठली.

"मालक, पान एकच आहे. ढीग एकच आहे. मग चोवीस गुण पडले कुठे?"

"चवीत पडले. लोक चौपट पैसे मोजतात, ते काय वेडे म्हणून?"

"लोक पट्टी बघून मोजतात. यांनीही पट्टी बघूनच गुण दिले असतील. सिगार डोळ्यांनी ओढतात वाटतं?"

ही गोष्ट परीक्षकांच्या कानावर गेली. ते दर महिन्याला कारखान्यात येत. या वेळी आले ते जरा तणतणतच. "डोळे बांधा माझे," ते म्हणाले. "पट्ट्या काढून टाका. तीन या, तीन त्या. कुठली कुठली ते सांगतो."

आत्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईने त्यांच्या डोळ्यांवर काळा रुमाल असा करकचून बांधला की परीक्षक ओरडले, "नाक सोडा हो बाई! नाकाचंच तर खातो मी."

ताटात सहा सिगारी ठेवल्या. परीक्षकांनी एकेक उचलली, अंगठा आणि बोटांत फिरवली, पेटवली, तीन झुरके घेतले आणि गुण सांगितले. सोनपट्टी, एक्क्याण्णव. मोळी, सदुसष्ट. मोळी, सत्तर. सोनपट्टी, त्र्याण्णव. सहाच्या सहा बरोबर. एका मोळीबद्दल तर ते म्हणाले, "हिला ओल्या लाकडासारखी चव आहे." ती नेमकी आत्याने वळलेली होती.

धाकट्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीकडच्या मेजावरची एक जण म्हणाली, "काय गं, पटलं ना आता जिभेला?"  आत्याच्या मनात एकच विचार घर करून बसला. माझीच जीभ खोटी असेल तर? इतक्या शनिवारांत मला जे कळलं नाही, ते या माणसाला तीन झुरक्यांत कळलं?

"ताट आवरा आता," मालक म्हणाले.

आत्याने ताट उचललं. आतल्या विझलेल्या सिगारी फेकायला ती अंगणाच्या पायऱ्या उतरू लागली. पायऱ्या जुन्या, मध्ये झिजलेल्या. तिचा पाय जरा वाकडा पडला आणि ताट कलंडलं. तीन सिगारी घरंगळत कडेला गेल्या. तीन जागच्या हलल्या नाहीत.

आत्या थांबली. तिने मुद्दाम ताट दुसऱ्या बाजूला कलवलं. त्याच तीन घरंगळल्या. त्याच तीन बसून राहिल्या. तिने बसलेल्यांतली एक उचलून अंगठा आणि बोटांत फिरवली, परीक्षकांनी फिरवली होती तशी. तिला चार बाजू लागल्या. अगदी किंचित चपट्या, डोळ्याला दिसणारही नाहीत अशा. खोक्यात शेजारी शेजारी दाबून ठेवली की सिगारीला चार बाजू येतात. जुडीत बांधलेली गोलच राहते. रोज हातातून जाणारी गोष्ट, पण शनिवारची सोनपट्टी खोक्यात जाण्याआधीच मेजावरून उचललेली असे, म्हणून आत्याला ती गोलच ठाऊक होती.

ती झिजलेल्या पायरीवर बसली आणि एकटीच हसू लागली. वरून शेजारीण ओरडली, "वेड लागलं की काय?" आत्या म्हणाली, "लागलं होतं. आत्ता उतरलं."

तिथून ती थेट खोकी बनवणाऱ्याकडे गेली.

"दादा, तुमच्या खोक्यात मोळी बसेल का?"

"बसेल की. पण तिच्या नशिबात खोकं कुठलं?"

"या महिन्यात आहे. चांगली दाबून बसवा. आणि मला खिडकीकडच्या मेजावरच्या पंचवीस ताज्या सोनपट्ट्या फितीने बांधून द्या."

खोकेवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग रंधा बाजूला ठेवला, आणि त्याच्या मिश्या हळूहळू पसरत गेल्या.

मग ती मालकांच्या खोलीत गेली. "मालक, पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा. ताट मी लावीन. कुठली कुठली ते कागदावर लिहून पाकीट बंद करीन, ते तुमच्या खिशात. आमचे गुण वर आले तर आमचं मेज राहील."

"आणि नाही आले तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार," आत्या म्हणाली. "त्या दिवशी दुसऱ्याच कुणाचं तरी उघडलेलं राहील."

माझे आतोबा शिंपी होते. संध्याकाळी दुकानाची फळी लावता लावता आत्याने त्यांना सगळं सांगितलं. ते सुई दातांत धरून ऐकत होते.

"म्हणजे तू नवरीला करवलीचे कपडे घातलेस, आणि करवलीला नवरीचे."

"तसंच."

"आणि तरीही नवरी ओळखू आली तर?"

"तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे काजं करायला येते."

"छे छे," आतोबा म्हणाले, "त्या बोटांनी? माझी पांढरी कापडं कोण घेईल मग? तू जिंकूनच ये."

हसले दोघंही, पण त्या महिन्यात आत्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं, हे मला आतोबांनीच नंतर सांगितलं.

तो दिवस आला. परीक्षक आले, रुमाल बांधला गेला. शेजारणीने या वेळी नाक सोडलं. ती खडू घेऊन पाटीपाशी उभी राहिली. दोन्ही मेजांवरचं काम थांबलं. आत्याने ताट पुढे केलं. 

परीक्षकांनी पहिली उचलली. बोटांत फिरवली. पेटवली. धूर जिभेवर घोळवला. "सहासष्ट. मोळी."

शेजारणीने पाटीवर लिहिलं.

दुसरी. बोटांत फिरताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वा! चौऱ्याण्णव. हिला म्हणतात सोनपट्टी. गेल्या खेपेपेक्षाही सरस."

तिसरी, त्र्याण्णव. चौथी, एकोणसत्तर. पाचवी, पासष्ट, आणि तिच्या कडवटपणाबद्दल चार शब्द वर. सहावी, ब्याण्णव. परीक्षक मागे रेलून बसले.

"पाकीट फोडा," आत्या म्हणाली.

मालकांनी खिशातून पाकीट काढलं, फोडलं, वाचलं. मग पाटीकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे. "हे उलटं लिहिलंय," ते म्हणाले.

"उलटं नाही मालक. कागदावरच्या सहाही नोंदी बरोबर आहेत, उलट्या आहेत त्या पाटीवरच्या."

परीक्षकांनी रुमाल ओढून काढला. चौऱ्याण्णव गुणांची सिगार अजून त्यांच्यासमोर जळत होती. तिच्या अंगावर मोठा थोरला डाग होता आणि एक शीर वरपासून खालपर्यंत उठलेली होती. बिचारे तिच्याकडे असे बघत राहिले, जसं ओळखीच्या घरात परकं माणूस दिसावं.

"साहेब," आत्या हळू आवाजात म्हणाली, "तुमची जीभ खरी आहे. पण तिच्याआधी तुमची बोटं बोलतात, आणि जीभ त्यांचं ऐकते." तिने त्यांना चपट्या बाजू दाखवल्या, खोकं दाखवलं, फीत दाखवली. 

माणसाची पारख अशा वेळी होते. परीक्षकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मग त्यांनी रुमाल पुन्हा उचलला आणि आत्याच्या शेजारणीकडे दिला. "बांधा. घट्ट बांधा. आणि या वेळी बोट लावू देऊ नका मला. चिमट्यात धरून ओठांशी द्या." ओठांकडचं टोक दोन्हींचं गोलच असतं, तिथे चपटं काही लागत नाही.

पुन्हा सहा पेटल्या. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. शहाऐंशी. या वेळी ते प्रत्येकीवर खूप वेळ घेत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. "मला फरक सांगता येत नाही. नाहीच सांगता येत."

धाकटे मालक मटकन खुर्चीत बसले. "मग मी चौपट किंमत घेतो ती कशाची?"

इथे आत्याला हवं ते टोचून बोलता आलं असतं, पण ती खिडकीखालच्या चार बायकांकडे वळली. "यांची घ्या," ती म्हणाली. "एका रंगाची पंचवीस पानं निवडायला यांचे डोळे दिवसभर शिणतात. खोकेवाला दादा रंधा मारतो, त्याची घ्या. कुणाला लग्नात द्यायला देखणी वस्तू हवी असते, त्याने जरूर घ्यावी. देखणेपणाला पैसे पडतात, त्यात खोटं काही नाही. फक्त त्याला चव म्हणू नका, आणि त्यासाठी आमचं मेज मोडू नका."

मेज मोडलं नाही. मालकांनी त्याच जागी, सगळ्यांसमोर तसं सांगितलं.

पुढच्या महिन्यात मासिक आलं तेव्हा शेजारीण चपला काढून खुर्चीवर चढली आणि मोठ्याने वाचू लागली. परीक्षकांनी सगळी हकिगत स्वतःच्या नावानिशी लिहिली होती, आपली चूकही लपवली नव्हती. शेवटी दोन ओळी होत्या. सोनपट्टी, शंभरात पंच्याऐंशी. मोळी, शंभरात पंच्याऐंशी. आणि खाली बारीक अक्षरांत, माझ्या घरी आता मोळी असते.

सिगार वळणाऱ्यांच्या हातात पान कापायची वाकडी पाती असते, म्हणून ते टाळ्या वाजवत नाहीत. पातीच्या पाठीने मेजावर ठोकतात. आधी भिंतीकडचं मेज वाजलं. मग खिडकीकडून, ज्या बाईने टोमणा मारला होता तिचीच पाती पहिली वाजली, आणि पाठोपाठ सगळ्यांच्या. उंच खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. आत्या तेवढी मान खाली घालून बसली होती, गाल ओले. धाकटे मालक आवाज ऐकून दारात आले. त्यांच्या हातात पाती नव्हती. त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि दाराच्या चौकटीवर ठोकायला सुरुवात केली.