पाणी आधी, नाव मग

मुंबई विमानतळावर सामान तपासणीच्या पट्ट्यावरून माझी पिशवी आत गेली आणि तिथेच अडकली. पिशवीत आमच्या कॉलेजच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. हातातल्या सामानात पाणी नेता येत नाही, एवढं निवृत्त प्राध्यापिकेला ठाऊक असायला हरकत नव्हती. पण माझा सगळा प्रवास एसटीचा, आणि एसटीत पाणी नसेल तर उलट लोक हसतात. "मॅडम, इथंच पिऊन टाका," तपासणीवरचा माणूस समजुतीनं म्हणाला. उभ्या उभ्या जमेल तेवढं प्यायले, उरलेलं त्याच्या पिंपात गेलं. दोह्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेलं पाणी असं माझ्याच पोटात गेलं. सूटकेसमधलं ज्वारीचं पीठ, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र सुखरूप पोचली.

या पाण्याचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर, आमचं छोटं कॉलेज आहे. ज्यांना शाळेत वर्गाबाहेर बसवत आणि ओंजळीत वरून पाणी ओतत, अशा आमच्या वाडवडिलांनी ते काढलं. त्यांनी आधी विहीर खणली, खोल्या नंतर बांधल्या. तेव्हापासूनची आमची रीत अशी, की कॉलेजच्या पहिल्या दिवशी जुन्या मुलांनी विहिरीचं पाणी शेंदायचं आणि नव्याला आपल्या हातानं पेला द्यायचा. पाणी आधी, नाव मग, आणि आडनाव कुणीच कुणाला विचारायचं नाही. मी स्वतः तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, आणि आता माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं काम बघते.

गेल्या वर्षी प्रस्ताव आला, की हे कॉलेज गावातल्या मोठ्या कॉलेजात विलीन करावं. आमच्याकडे मुलं कमी झालीत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, पावसाळ्यात प्रयोगशाळेत बादल्या मांडाव्या लागतात. त्यांच्याकडे सगळं आहे. विलीन झालो तर आमचं नाव जाईल, आणि आराखड्यात विहिरीच्या जागी वाहनतळ दाखवला आहे. मंडळाचं मत मी विलीनीकरणाच्या समितीला सांगायचं होतं. आमची बरीच मुलं कतारमध्ये कामाला आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायला मी निघाले होते. खरं सांगायचं तर जाताना माझं मन विलीनीकरणाकडेच झुकलं होतं. बादल्या मांडून मी थकले होते.

दोह्यात उतरले तेव्हा जानेवारीचं ऊन पडलं होतं, आपल्याकडच्या दिवाळीसारखं, अंगाला न बोचणारं. न्यायला सिद्धार्थ आला होता. माझा विद्यार्थी, आता मोठा सॉफ्टवेअरवाला. अल नस्र भागात त्याचा फ्लॅट आहे. खाली किराणा, न्हावी, औषधांचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर जगातल्या सगळ्या भाषा. त्याची मुलगी ईशा माझं मराठी सगळं समजून घेई आणि उत्तर इंग्रजीत देई. विहिरीची गोष्ट ऐकून तिनं विचारलं, "आजी, इज इट व्हेरी डीप?" मी म्हटलं, "तुझ्या बाबाला विचार, त्याचा चष्मा अजून तळाशी आहे."

सिद्धार्थ मात्र जेवताना सरळ मुद्द्यावर आला. "मॅडम, इमोशन बाजूला ठेवा. इंटरव्ह्यूमध्ये माझ्या डिग्रीवरचं नाव वाचून लोक विचारतात, हे कुठं आलं? मोठं नाव मिळत असेल तर मुलांचा फायदाच आहे." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मला तर ते माझ्याच मनातलं वाटलं, आणि मी बिनघोर दुसरी पोळी घेतली.

संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि शहाणपणा करून एकटीच वळत वळत नजमा भागापर्यंत चालत गेले. जुनी, दाटीची वस्ती; गॅलरीत वाळत घातलेले शर्ट, एकेका खोलीत दाटीनं राहणारे पुरुष, कोपऱ्यावर कॅफेटेरिया. परतीची वाट चुकले. घसा कोरडा पडला तेव्हा एका घराच्या भिंतीबाहेर पाण्याचा कूलर दिसला. याला सबील (वाटसरूंसाठी पुण्य म्हणून ठेवलेलं पाणी) म्हणतात. मी बिचकत उभी राहिले, तर आतून आलेल्या वृद्ध गृहस्थांनी स्वतः पेला भरून हातात दिला. नाव नाही, गाव नाही. "शुक्रन," मी म्हटलं. आभाराचा एवढा एकच अरबी शब्द मला येत होता, आणि तो तिथे चपखल बसला. मन अगदी निवलं.

शुक्रवार हा इथला सुट्टीचा दिवस. बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वसाहतीजवळ, आमच्या मुलांनी बैठक ठेवली होती. ईशाचा कसलासा क्लास उरकून सिद्धार्थ मागाहून येणार होता. "उत्तमदादांचा माणूस गाडी घेऊन येईल," तो म्हणाला. उत्तम हाही आमचाच. एसीचं काम करतो आणि तिथल्या आमच्या सगळ्यांचा मोठा भाऊ आहे.

गाडी आली. चाळिशीचा, मिशीवाला माणूस उतरला. "जयभीम मॅडम," म्हणाला, बाटलीचं सील फोडलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "पाणी घ्या." मी जागच्या जागी विरघळले. प्यायल्यावर मग त्यानं नाव सांगितलं, दिगंबर. आडनाव मी अर्थातच विचारलं नाही. आपलंच लेकरू भेटल्यावर माझं तोंड सुटलं.

शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सपाट, पिवळसर माळ सुरू झाला, आणि मी गावातल्या मोठ्या कॉलेजचा समाचार घेत होते. मन त्यांच्याकडे झुकलं असलं, तरी त्यांना नावं ठेवण्याचा आमचा जुना हक्क मी थोडाच सोडणार! "त्यांची बाकं सागवानी हो," मी म्हणाले, "पण पहिल्या दिवशी पोरगं दारात घुटमळलं तर 'ये, बस' म्हणणारं कुणी नाही. ग्रंथालय इतकं चकचकीत, की पुस्तकाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आणि प्राचार्य? भाषणाला उभे राहिले की मंडपवाला कनाती सोडायला लागतो."

"अगदी खरंय मॅडम," दिगंबर म्हणे आणि मान डोलवी.

वाटेत त्यानं एका टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. इथे चहासाठी गाडीतून उतरायचं नसतं. चहावाला धावत येऊन करक (वेलची घातलेला, दुधाचा कडक चहा) देऊन गेला. चहा फक्कड होता. मी आणखी रंगात आले. दिगंबरला मध्येच ठसका लागला, तो चहाचा असेल असं मला वाटलं.

बिरकतला एकसारख्या इमारतींच्या रांगा, उभे ट्रक, दोरीवर निळे गणवेश. खोल्यांमध्ये बायकांना जाता येत नाही, म्हणून बाहेर मोकळ्या जागेत चटया अंथरल्या होत्या. मटणाचा रस्सा तयार होता, आणि मी आणलेल्या पिठाच्या भाकरी एक सुतार अशा थापत होता, की माझ्या सुनेनं बघावं. उत्तमनं पाया पडून पाणी दिलं. मी कौतुकानं म्हटलं, "उत्तम, हा दिगंबर कुठल्या वर्षाचा रे? मला कसा आठवत नाही?"

सगळी चटई एकदम हसली. उत्तम डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, ह्यो आपला न्हाई. ह्यो त्यायच्या मोठ्या कॉलेजचा हाय!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दिगंबर मात्र शांतपणे कांदा चिरत होता. "सांगणार व्हतो मॅडम, पण तुमी एवढ्या रंगून बोलू लागल्या, की मधी तोडू वाटंना. आन् खोटं काय बोललाव? प्राचार्याचं तर तुमी कमीच सांगितलं." पुन्हा हशा झाला, आणि या वेळी त्यात मीही होते.

जेवताना त्यानं आपली हकिकत सांगितली. तो गावातल्या मोठ्या घरचा. कतारला आला तेव्हा इथे उत्तमच्या खोलीत जागा मिळाली. "पोचलो तवा उत्तमदादानं आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं. मी वाट बगायलोय, आता आडनाव विचारतील. जलमभर आडनाव आधी सांगायची सवय. कुणी विचारीनाच. मला झोप लागंना. आमच्या घरी तुमच्या वस्तीतलं माणूस आलं, की आजी वरून पाणी वतायची. मी सवता बघितलंय. शेवटी मीच सांगून टाकलं, मी अमुक घरचा. तर दादा म्हणले, 'बरं. भात घेतो का?'"

उत्तम म्हणाला, "मग काय म्हणायचं व्हतं? भात निवायलाय त्याचं बग की आधी." आता खोलीत नवा कुणीही आला, नेपाळचा असो की केरळचा, पहिला पेला दिगंबरच देतो. तो मान त्यानं कुणाला सोडलेला नाही.

एव्हाना सिद्धार्थ आणि ईशा येऊन बसले होते. मी विषय काढला. सिद्धार्थनं आपली बाजू मांडली. उत्तम म्हणाला, "छत गळतंय हे बी खरंच हाय मॅडम. मपला पुतण्या तिथंच शिकायलाय." बरेच जण मान हलवत होते. मी दिगंबरकडे पाहिलं.

"माझं कॉलेज न्हाई, मी मत देनार न्हाई," तो म्हणाला. "फकस्त एक सांगा. दोन्ही एक झाल्यावर पहिल्या दिवशी पोरायला पाणी कोण दील? आमच्याकडं तर ती रीत न्हाई. तुमी आमच्यात आलाव, तर तुमची बी जाईल. मग माझ्यावानी एकांदा आला, तर त्येला कोण सुधरवील?"

मग सिद्धार्थच म्हणाला, "मॅडम, ही कंडिशन टाका. विहीर आणि पहिला दिवस राहिला, तर मर्ज करा. नाहीतर खलास." ईशानं बापाकडे बघून हळूच विचारलं, "बाबा, मला पण पाणी देणार ते?" मराठीत विचारलं. दिगंबरनं लगेच पेला विसळला.

त्या दुपारी मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं जे कॉलेज डोळ्यांत खुपत होतं, तिथला एक माणूस माळावरच्या आमच्या विहिरीसाठी परदेशात भांडत होता. परतीच्या विमानात मी नुसती खिडकीतून बघत बसले आणि मिळेल ते सगळं खाल्लं.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत समिती कॉलेज पाहायला आली. सोबत मोठ्या कॉलेजचे प्राचार्यही होते. रीतीप्रमाणे मी विहिरीवर पाणी शेंदलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. "वा, गोड आहे हो पाणी!" आमच्या अटीही मान्य करू म्हणाले, विहीर ठेवू, वाहनतळ दुसरीकडे नेऊ. माणूस दिसत होता त्यापेक्षा बरा निघाला. होकार माझ्या ओठांवर आला होता. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "मॅडम, आपलं आडनाव काय म्हणालात?"

आमची मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला राग यायला हवा होता, पण समोर दिगंबरची मिशी आली आणि हसू फुटलं. "सर, हा प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत," मी म्हणाले. "तो विचारावासा वाटेनासा झाला, की एकत्र येऊ. आज आमचा नकार लिहून घ्या." प्राचार्य वरमले, पण चिडले नाहीत.

संध्याकाळी बिरकतला फोन करून सगळं सांगितलं. उत्तम खदखदून हसला. मग दिगंबरनं फोन घेतला. "मॅडम, रागावू नका त्यायच्यावर. पुन्यांदा बोलवा आन् अजून एक पेला द्या. मला बी येळ लागलाच व्हता की."

पुढच्या महिन्यात मी त्यांना पुन्हा बोलावलं आहे, आणि विहिरीचा दोर बदलून घेतला आहे.