स्वतः पाहिलंस?

बाजारात बांगडा स्वस्त झालाय म्हणून सांगा, आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातले इतिहासाचे सर लगेच विचारणार, "स्वतः पाहिलंस की ऐकलंस?" मी तिथला ग्रंथपाल, त्यामुळे या नाटकात माझी खुर्ची कायम पहिल्या रांगेत!

परवा प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला त्यांनी मला बंदरांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बोलावलं. जवळजवळ सगळ्यांच्या संदर्भसूचीत ते होतं. "उघडा महाराज, कुठलंही पान," सर पहिल्या मुलाला म्हणाले. पान उघडेना! आमच्या दमट हवेत सगळी पानं एकमेकांना चिकटलेली. पोरांनी पुस्तकाचं नाव ऑनलाइन विश्वकोशातल्या लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांतून उचललं होतं.

गुहागरच्या एका मुलीने मात्र सरळ विश्वकोशाचंच नाव दिलं होतं, आणि विभागाच्या नियमाने असा प्रकल्प नापास. ती रडवेली झाली. "सर, मी जे वाचलं तेच लिहिलं."

"मग तू पास गो! विश्वकोश म्हणजे गोव्याच्या वाटेवरचा हातखंब्याचा तिठा. तिथे रस्ता विचारायचा, बिऱ्हाड नाय करायचं. पण ही मंडळी तिठ्यावर झोपून गोवा पाहिला म्हणतायत!"

स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकून त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "आता हे वाच."

दुपारी ग्रंथालयात ती पट्टीने एकेक पान सोडवत होती. सर समोरच बसलेले. तिने हळूच विचारलं, "सर, तुम्ही स्वतः वाचलंय?"

"नाय गो. म्हणून तर बसलोय."