शेजाऱ्यांचं अलास्कातलं शेत

लंडनच्या कडेला पिनरमध्ये आमच्या शेजारच्या घरात एक स्कॉटिश म्हातारं जोडपं राहायला आलं, ते थेट अलास्काहून. त्यांची एकुलती एक मुलगी जवळच वॉटफर्डला राहायची. आईच्या आजारपणामुळे तिनेच त्यांना इकडे आणलं होतं. आजी चार महिन्यांत गेल्या. मग कुंपणाच्या एका बाजूला आजोबा आणि दुसऱ्या बाजूला मी. माझ्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि हॉस्पिटलमधून मी नुकतीच रिटायर झाले होते.

आजोबा पहिल्यांदा बोलले ते रागावूनच. मी बॅक गार्डनमध्ये मेथी पेरत होते.

"डॉक्टर, माती आधी खणा तरी! दगडात बी टाकताय तुम्ही."

आणि फावडं घेऊन स्वतःच आत आले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण अर्ध्या तासात त्यांनी वाफा लोण्यासारखा मऊ करून दिला. त्या दिवसापासून अकराचा चहा ते माझ्याकडे घ्यायला लागले.

स्कॉटलंडमधली त्यांच्या वडिलांची खडकाळ जमीन थोरल्या भावाकडे गेली, तेव्हा ते बाविशीचे होते. अलास्कात सरकार जंगलातली जमीन फुकट देतं, फक्त झाडं तोडून शेत करून दाखवायचं, हे कुठूनसं कानावर आलं. लग्नाला दोन महिने झालेल्या बायकोला घेऊन ते निघाले. पहिला उन्हाळा तंबूत काढला. झाड पाडणं सोपं, बुंधा उपटणं कठीण, ते सांगायचे. एकेका बुंध्याला दोन-दोन दिवस. बायको घोडा हाकायची, ते पहारीने मुळं उचकटायचे. बटाटा आणि कोबी लावला, तर घोड्याहून मोठी हरणं येऊन सगळा कोबी फस्त करून गेली.

"मला रडू येत होतं आणि ती चुलीपुढे बसून हसत सुटली होती. तिच्यामुळे टिकलो."

त्या जागी त्यांनी साठेक वर्षं शेती केली. इकडे येताना जमीन विकली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता."

मी माझा कप खाली ठेवला.

"पाच महिन्यांचा होता. छाती भरली. बर्फाने रस्ता बंद. डॉक्टर चाळीस मैलांवर. तिसऱ्या दिवशी गेला. जमीन दगडासारखी गोठलेली. शेताच्या कडेला एका बर्चच्या झाडाखाली दोन दिवस शेकोटी पेटती ठेवली, तेव्हा कुठे खणता आली."

"मुलीला माहीत आहे?"

"नाही. ती झाल्यावर बायको म्हणाली, हिच्या मनावर ते ओझं नको. मग राहूनच गेलं." मग सावकाश म्हणाले, "मी बायकोला शब्द दिला होता, तुला त्याच्याजवळच ठेवीन. आणि तिची राख माझ्या कपाटात आहे, डॉक्टर. तब्येतीमुळे मला आता विमानात बसू देत नाहीत."

"मुलीला सांगा. ती घेऊन जाईल, तुमच्या वेळी तुम्हालाही."

"पत्र लिहितो. ख्रिसमस होऊ दे. तोवर तुम्ही बोलू नका."

मी कबूल केलं. माझ्या यजमानांच्या अस्थी माझा दीर नाशिकला घेऊन गेला होता. मला रजा मिळाली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर नुसता हात ठेवला.

ख्रिसमस झाला. पत्राचं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सुरुवात होत नाही." मी मदत करायला हवी होती. समोर बसवून लिहून घ्यायला हवं होतं. पण भाचीचं लग्न होतं, माझ्या बॅगा भरायच्या होत्या. आल्यावर बघू, असं म्हणून मी पुण्याला गेले.

तीन आठवड्यांनी परतले, तर शेजारी पडदे ओढलेले. संध्याकाळी त्यांची मुलगी त्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवायला आली. आजोबा झोपेतच गेले होते. अंत्यविधी होऊन आठ दिवस झाले होते.

"दोघांची राख क्रिमेटोरियमच्या गुलाबाच्या बागेत एकत्रच विखुरली," ती म्हणाली. "डॅडना आवडलं असतं, नाही?"

"हो" म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. पण मला ते जमलं नाही. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. एवढंच. मग किल्ली न देताच निघून गेली.

जूनमध्ये तिचा फोन आला, अलास्काहून. नव्या मालकाने कडेची झाडं काढून शेत वाढवलं होतं. बर्च एकही उरला नव्हता. ती दिवसभर त्या शेतात फिरली होती. वाऱ्यामुळे तिचा आवाज तुटत होता.

"डॉक्टर, त्याचं नाव काय होतं? मला इथे त्याला हाक मारायची आहे."

इतके दिवस चहा पीत मी त्यांची गोष्ट ऐकली होती. मी नाव विचारलंच नव्हतं.