सरांच्या पुस्तकातला माझा आजा

"ओरड रे! तुझा आजा ओरडायचा तसा ओरड!"

तुंगार्लीच्या बंगल्यात सर माझ्यावर ओरडत होते. हिरवळीवर खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे, पाहुण्यांच्या हातात वर धरलेले मोबाईल. मधोमध मी. सरांचा ड्रायव्हर. हातात भज्यांची ताटली.

सर समाजशास्त्रज्ञ. आजच्या समाजात माहिती कशी फिरते यावर त्यांनी इतकं लिहिलंय, की कागद रचले तर लोहगड बुटका दिसेल. नव्या पुस्तकात त्यांनी माझा आजा घातला होता. गाडी चालवताना मीच सांगितलेला. गावात कुणी मेलं की मयताचा सांगावा आमच्या महारवाड्यानं न्यायचा. भर पावसात, आंदर मावळाच्या टोकापर्यंत. पाणी मिळालं तर वरून, ओंजळीत. आजाची हाक अशी, की पल्याडच्या डोंगरावरची गुरं उठून उभी राहायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि सांगावा नेताना धरायची ती गावकीची काठी आजानं चुलीत घातली.

सरांनी हाक लिहिली. गुरं तर मी पदरची घातलेली, तीही लिहिली. काठी तेवढी गाळली.

"हे माहितीचं पहिलं नेटवर्क," सर पाहुण्यांना सांगत होते. पाहुणे हसत होते. मी घरी पोचायच्या आत हा व्हिडिओ गावात पोचणार. वरची आळी म्हणणार, येतंय की याला. धरा कामाला.

ताटली खाली ठेवली. "सर, ते काम आमी सोडलंय."

"अरे, नुसता अभिनय."

"मग तुमी करा. पुस्तक तुमचं हाय."

हसू थांबलं. मोबाईल थांबले नाहीत. गाडीची किल्ली ताटलीत टाकली आणि चालत सुटलो. औंढ्याच्या पुढं माझं गाव. वेशीवर वरच्या आळीची पोरं मोटारसायकलींवर ओळीनं बसलेली, माना मोबाईलमध्ये. मी जवळ गेलो तशा माना वर झाल्या. एकानं मोबाईल माझ्याकडं वळवला, त्यात मीच, ताटली हातात. शिव्या परवडल्या असत्या.

त्याच आठवड्यात वरच्या आळीतला एक म्हातारा वारला. त्याचा पुतण्या आमच्या दारात आला, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. मागं तीच पोरं. माझ्याकडं बोट करून म्हणाला, पावण्यांना कळवायला याला धाडा, जुनी रीत आहे. मग आवाज खाली आणून आईला म्हणाला, "मावशी, पोराचं बघितलं आमी. सायबाला न्हाई म्हणला, ठीक. गावाला म्हणू नये."

मी उठलो. आईनं हातानंच थांबवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली,

"फोन हायेत तुमच्याकडं. लावा."