सुरेखाच्या स्लॅबचं क्युरिंग

सुरेखा गेली तेव्हा आमच्या घराचा स्लॅब ओला होता.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोन येऊन राहिलेत, "सर, काळजी घ्या." घेतोय. दुसरं काम तरी काय उरलंय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरेखा माझी बायको. उमरी तालुक्यात कृषी सहायक होती. माहेर किल्लारी.

भूकंप झाला तेव्हा ती दुसरीत होती. घरातून दोघीच जिवंत निघाल्या, ती आणि तिची आई.

तेव्हापासून मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पक्क्या छताखाली झोपत नाहीत. पुनर्वसनात घर मिळालं. त्यात देव आहेत, चूल आहे, धान्य आहे. मामींची बाज मात्र अंगणात. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडात.
"पत्रा पडला तर माणूस वाचतंय," एवढंच म्हणायच्या.

नांदेडला प्लॉट घेतला तेव्हा सुरेखानं मला बजावलं,
"घर असं बांधायचं की माझी माय आत झोपली पाहिजे. बाकी टाइल्स-बिइल्स तुमच्या मनानं घ्या."

तिचा हट्ट तेवढाच होता.

मी इंग्रजीचा प्राध्यापक. तरी 'क्युरिंग' म्हटलं की मला दवाखानाच आठवायचा. आमचे गफूरभाई मिस्त्री रोज विचारायचे, "सर, क्युरिंग मारे क्या?" मी आपली मान हलवायचो.

एकदा सुरेखाला म्हणालो, "अगं, वाळू दे की त्या भिंती. सारखं काय भिजवतेस?"

ती हसत सुटली.
"अहो मास्तर, सिमेंट वाळून घट्ट होत नसतंय. पाणी पिऊन होतंय. लवकर वाळलं की तडकलंच."

मग माझा तासच घेतला तिनं. हळदीचं क्युरिंग म्हणजे शिजवून उन्हात घालणं. कांद्याचं म्हणजे काढल्यावर पातीसकट सुकवणं. तंबाखूची पानं टांगून ठेवतात, तेही क्युरिंग. सिमेंटचं मात्र उलटं, त्याला सुकूच द्यायचं नाही.

"एकाला वाळवायचं, एकाला भिजवायचं. मग शब्द एकच कसा?" मी मास्तरकी केली.

"काम एकच हाय की. माल हातात आला म्हणून लगेच वापरायचा न्हाई. टिकाऊ होऊ द्यायचा. आपण लोणचं मुरू देतो, तसं."

आणि वर गफूरभाईंना ऐकू जाईल असं,
"अन् क्युरिंग मारत नसतेत, करतेत! मारतेत ते पाणी!"
गफूरभाई शेवटपर्यंत 'मारत'च राहिले.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी पाइप. आल्यावर पुन्हा पाइप. पदर खोचलेला, पायात माझ्या चपला. शेजारचे म्हणायचे, "मॅडम, भिंतीला कोंब फुटतेल आता." ही म्हणायची, "फुटू द्या की. अनुदान मिळवून देते."

स्लॅब टाकला त्या दिवशी सगळ्या कामगारांना तिनं स्वतः जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरभाईंनी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलं. सुरेखा वर जाऊन बघून आली. खूश होती. "वाफेच केलेत की हो! इथं गहू पेरावा."

त्याच दुपारी ऑफिसात कोसळली. ब्रेन हॅमरेज.
संध्याकाळी ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी गोदावरीत अस्थी विसर्जन करून आलो. आमचं भाड्याचं घर बांधकामाच्या पलीकडच्याच गल्लीत. माणसांनी भरलेलं. माझे काका म्हणाले, "बाळा, ही जागा लाभली न्हाई तुला. काम बंद कर. विकून टाक."

मी बरं म्हणालो. कुणी काहीही म्हटलं असतं तरी बरंच म्हणालो असतो.

गेटाबाहेर गफूरभाई उभे होते. म्हणाले, "सर, स्लॅब सूखरा. पूछने की हिम्मत नै हुई." ते माझ्या कानावर आलं, डोक्यात शिरलं नाही.

थोड्या वेळानं बायका मामींना शोधायला लागल्या. मामी घरात नव्हत्या.

त्या स्लॅबवर होत्या.

शिडीनं एकट्याच चढल्या होत्या. आळी आटली होती. उन्हात अनवाणी उभ्या राहून एकेका आळ्यात पाणी सोडत होत्या.

खालून काका ओरडले, "अहो विहीणबाई, खाली या! सुतक हाय!"

मामींनी वळूनही पाहिलं नाही.
"सुतक मला हाय. सिमेंटाला न्हाई."

मी वर गेलो. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "जावाईबापू, लेकीनं माझ्यासाठी टाकलंय हे. तडकू देऊ व्हय?"

पाइप मी घेतला. मामी खाली बसून फुटलेल्या आळ्यांना हातानं माती लावू लागल्या. लावता लावता रडल्या. मीही रडलो, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल एवढं.

काका पुन्हा विकायचं बोलले नाहीत.

त्यानंतर सकाळचं पाणी माझं, संध्याकाळचं मामींचं. गफूरभाई "बस हुआ" म्हणेपर्यंत.

घर झालं. दिवाळीनंतर राहायला आलो. आलो म्हणजे, मी आलो.

मामी या आठवड्यात वर्षश्राद्धासाठी किल्लारीहून आल्या. आल्याबरोबर मी त्यांची बाज अंगणात टाकली, मच्छरदाणी बांधली. रोज तिथंच झोपल्या. कोणत्या तोंडानं सांगायचं, आत झोपा म्हणून?

आज श्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. दुपारी मामी हॉलमध्ये आल्या आणि फरशीवरच आडव्या झाल्या. कितीतरी वेळ वर बघत होत्या.

मी म्हणालो, "मामी, बाज बाहेर आहे. सावली आलीय."

"असू द्या. हितंच बरं वाटतंय."

आता पंखा चालू आहे. मी दारात बसून हे लिहितोय. त्या घोरतायत.

सुरेखा, तुझी माय आत झोपली गं.

हे बघायला तू पाहिजे होतीस.