लाल फुल्यांची बारा पुस्तकं

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकात दरवर्षी बायका आपापल्या बारा पुस्तकांबद्दल लिहितात. कोणतं वाचा, कोणतं नका वाचू. यंदा त्यांच्यात मला बसवलंय. मी सातवी पास. चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली शेवटची वीस की-मॅन म्हणून. की-मॅन म्हणजे रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून आपल्या वाटणीचा रूळ पायी तपासणारा माणूस. कुठे रूळ धरून ठेवणारी चावी ढिली, कुठे तडा, ते बघायचं. पुस्तकातलं मला काही कळत नाही. चुकलं तर चुकलं.

ही बारा पुस्तकं माझी नाहीत. बायकोची आहेत. ती कार्तिकात गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथल्या, म्हणजे जयपुरातल्या, मराठी बायकांचा एक नेम आहे. गुढीपाडव्याला धरायचा, पुढच्या पाडव्याला सोडायचा. महिन्याला एक पुस्तक. आदर्श नगरात मंडळाची खोली आहे, तिथे दोन लोखंडी कपाटं आहेत, त्यातलं घ्यायचं. वर्ष संपलं की सगळ्या जमतात, शिरा करतात, आणि एकेक जण उठून आपली बारा सांगते. उद्यापनच म्हणा. आणि कोणाचा नेम मध्येच राहिला तर तो घरच्या माणसाने पुरा करायचा.

तेरावं झालं आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई आमच्या प्रताप नगरच्या घरी आल्या. रिटायर मास्तरीण. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "तिची सात झालीत. आठवं अर्धं आहे. पुढचं तुम्ही करा."

मी म्हटलं, "मी? मले वाचता येते काय?"

"पेन्शनच्या कागदावर सही करता की अंगठा?"

"सही."

"मग येतं."

मी हो म्हटलं ते त्यांच्यासाठी नाही. माझं कारण वेगळं होतं. दवाखान्यात डॉक्टरने मला विचारलं होतं, पहले कोई तकलीफ? मी छाती पुढे काढून सांगितलं, कुछ नहीं, एकदम ठीक थी. तो म्हणाला, "बाबूजी, दिल ऐसे अचानक नहीं जाता." बस. तेवढं बोलून गेला. ते वाक्य माझ्या मागे लागलं. तिला ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर तिने कोणाला सांगितलं? मुलाला नाही, सुनेला नाही, मला तर नाहीच. शेवटच्या वर्षात ती पुस्तकांशीच जास्त बोलायची. म्हटलं, पुस्तकांनाच विचारू. म्हणून मी बाईंकडून तिची आधीची सातही पुस्तकं घरी आणली आणि आठव्यापासून न करता पहिल्यापासून सुरुवात केली.

नावं देत नाही, कपाटातले नंबर देतो. मला नंबरच लक्षात राहतात.

नंबर ४१. एका बाईचं, जी विहिरी खोदायच्या कामावर जाते. मी बोट ठेवून वाचतो, दिवसाला दहा पानं. पण हे पुस्तक कष्टकरी माणसाने लिहिलंय हे मला दुसऱ्याच पानावर कळलं. कुदळ कशी धरतात ते बरोबर आहे. वाचा.

नंबर ९. तुरुंगाच्या शिपायाचं. लांबलंय. तरी वाचा.

नंबर ११२. खेड्यातल्या एका नर्सचं. याच्या साठाव्या की एकसष्टाव्या पानावर, कडेला, लाल पेन्सिलीची एक फुली होती. नाणं ठेवलं तर झाकेल एवढी. आडवी नाही, उभी नाही, तिरपी फुली. अशी फुली मी ओळखतो. रूळ खराब निघाला की आम्ही त्यावर लाल रंगाने अशीच फुली मारायचो.

बांदीकुईच्या रेल्वे क्वार्टरात असताना, लग्नाला वर्ष झालं नसेल, ती माझा खाकी शर्ट धूत होती. म्हणाली, "हे लाल लाल काय लावून आले? होळी खेळता काय ड्युटीवर?" मी तिला सगळं समजावलं होतं. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. दोन फुल्या म्हणजे रूळ बदला, तोवर गाडी हळू. तीन फुल्या म्हणजे आजच्या आज बदला, आणि बदलेपर्यंत तिथे माणूस उभा पाहिजे. ऊन असो पाऊस असो, त्याने तिथून हलायचं नाही. तिने ऐकलं आणि म्हणाली, "अन् तो माणूस जेवाले गेला तर?" मी म्हटलं, "जात नाही."

तर मला वाटलं, फुली म्हणजे खराब. पुस्तक खराब आहे. संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळात सगळे होते, तिथे मी उठून सांगितलं, "नंबर एकशे बारा वाचू नका. बेकार आहे. माझ्या बायकोने त्यावर फुली मारलीय."

मास्तरीणबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "काय सांगताय? ते पुस्तक तिने मला दोनदा वाचायला लावलं. वाचलं नाहीत तर बोलणार नाही म्हणाली होती."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "भाऊंना अजून फुल्या वाचता येत नाहीत." मीसुद्धा हसलो. पण प्रताप नगरला परत येईपर्यंत मी तेच घोकत होतो. वीस वर्षं ज्याने फुल्या मारल्या, त्याला ती फुली समजली नव्हती. फुली रूळ खराब आहे असं सांगते. पुस्तक खराब आहे असं ती कशाला सांगेल? आणि जिला तीन फुल्यांचा अर्थ मीच शिकवला, ती फुली उगाच मारेल?

घरी आल्यावर उरलेली पुस्तकं काढली. वाचायला नाही, फुल्या शोधायला. रूळ बघावा तशी पानं बघत गेलो.

चौथ्यात, नंबर २०, एक फुली. बाजूला बारीक अक्षरात, "दूध उतू गेलं. बसले." पुस्तकात दुधाचा काही संबंध नाही. ते गोष्टीतलं नव्हतंच. ते आमच्या स्वयंपाकघरातलं होतं.

पाचव्यात, नंबर १३३, तीन ठिकाणी एकेक.

सहाव्यात दोन-दोन. बाजूला, "हात."

सातव्यात दोन-दोन, आणि दोन, आणि दोन. "हात, जबडा." एके ठिकाणी, "जिना."

ती वाचत असताना छातीत जे व्हायचं ते जिथल्या तिथे लिहून पुढे वाचायची. पान नंबरासकट. आम्ही रुळावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहायचो, तसं.

आता मला आठवलं ते सांगतो, कारण ते लपवून ही पुस्तकं वाचा म्हणणं खोटं होईल. जेठात, लू चालू होती, जेवताना ती म्हणाली होती, "छातीवर कोणी बसल्यासारखं लागते मले." मी म्हटलं, "जाडी जाडी पुस्तकं छातीवर ठेवून झोपतेस, अजून काय होईन?" मुलगा हसला. तीसुद्धा थोडी हसली. सून हसली नाही. तिने विचारलं, "आई, डॉक्टरला दाखवायचं का?" तर मीच म्हटलं, डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी पडतो. हे मी आयुष्यभर म्हणत आलो. गँगमध्ये म्हणायचो, घरात म्हणायचो. मला ते मोठं शहाणपण वाटायचं.

त्यानंतर ती तोंडाने काही बोलली नाही. फुल्या त्यानंतर वाढल्यात.

एकदा मी पेन्सिल बघून ओरडलो पण होतो. "लायब्ररीच्या पुस्तकात रेघोट्या काहून मारते?"

ती म्हणाली, "पेन्सिल लागली असन." मग थोड्या वेळाने, "एखादं वाचून पाहा ना तुम्ही. बारीक देतो. माझ्या मागं मागं वाचा."

मी म्हटलं, "मी काय आता परीक्षेला बसू?"

मागं मागं वाचलं असतं तर भाद्रपदात मला दोन फुल्या दिसल्या असत्या. रूळ बदला. तोवर गाडी हळू. मला दुसऱ्या कोणी समजावायची गरज नव्हती. सगळ्या जयपुरात ते वाचता येणारा मी एकटाच माणूस होतो, आणि तिने ते माझ्यासाठीच माझ्या भाषेत लिहिलं होतं.

आठवं, नंबर ८७. हे मी आठ दिवस उघडलं नाही. टेबलावर ठेवलं, त्यावर वर्तमानपत्र ठेवलं, मग चष्म्याची डबी ठेवली. सून म्हणाली, "बाबा, ते परत द्यायचं आहे का?" मी म्हटलं, राहू दे.

बायको गेली त्या दिवशी सकाळी तिने मला बसायला सांगितलं होतं. म्हणाली, "आज जाऊ नका. बसा जरा. एक पान वाचून दाखवतो." मी पार्कात जायला निघालो होतो. तिथे आम्ही चार रिटायर रेल्वेवाले रोज बसतो. मी म्हटलं, "आल्यावर ऐकतो." अकरा वाजता आलो. ती खुर्चीत होती. पुस्तक मांडीवर उघडं. पेन्सिल खुर्चीखाली गेली होती, ती मला दोन दिवसांनी झाडताना सापडली.

त्रेसष्टावं पान. तीन फुल्या. बाजूला काही लिहिलेलं नाही.

तीन फुल्या म्हणजे तिथे माणूस उभा पाहिजे. तो माणूस पार्कात बसून गाड्यांच्या टायमांवर वाद घालत होता.

तर डॉक्टरच्या वाक्याचं उत्तर मला मिळालं. ठाऊक होतं. सांगितलंही होतं.

नंबर ८७ जरूर वाचा. त्रेसष्ट पानांपर्यंत रडकं वाटतं, नंतर ते फार हसवतं. तिला ते कळलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

नववं, नंबर ५. झाडांचं. शहराबाहेर राहणाऱ्यांनी वाचा.

दहावं, नंबर ६६. बारीक आहे, एका शिंप्याचं. चांगलं आहे. हे मी गच्चीवर उन्हात बसून वाचत होतो. जिना चढून बसलो आणि अक्षरं हलायला लागली. छातीवर कोणीतरी बसलं. घोटभर पाणी प्यायलो, ते उठलं. तिची लाल पेन्सिल मी खिशात ठेवतो. मी विसाव्या पानावर एक फुली मारली. का मारली विचाराल तर हाताला सवय. तडा दिसला की हात जातो.

सुनेने ती पाहिली. कपडे वाळत घालायला वर आली होती. "बाबा, हे तुम्ही केलं? मतलब, इथे आवडलं म्हणून?"

मी म्हटलं, "पेन्सिल लागली असन."

म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द निघून गेले होते.

अकरावं, नंबर १५०. दोन ठिकाणी एकेक.

बारावं, नंबर ३१. एका नावाड्याचं. अजून दहा पानं उरलीत. काल सकाळी दोन फुल्या झाल्या, एकाच जागी. डावा हात.

मी दोनदा सांगायला गेलो. एकदा मुलाला, तो सकाळी विश्वकर्मा इंडस्ट्रियलच्या बसला धावत होता तेव्हा. तोंडातून निघालं, "डबा घेतला का?" एकदा चहाच्या वेळी सुनेला. निघालं, "साखर कमी आहे." पन्नास वर्षं जे तोंड आजाराला हसलं, त्याला दुसरं बोलता येत नाही. पण लिहिता येतं. तिनेही लिहिलंच.

हा मजकूर मी वहीत लिहितोय. अंकासाठी तो मोबाईलवर टाईप करणार आमची सून. तिचं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी ती सावकाश, शब्द लावत वाचते. माझ्यासारखीच. पण वाचते शेवटपर्यंत, मध्ये सोडत नाही. म्हणून वही मी आत्ता तिच्याजवळ देतोय, पाडव्याची वाट न बघता. तिला सांगेन, आजच बसून कर.

सूनबाई, इथपर्यंत आलीस ना. पेन्सिल लागली नव्हती. दहावं आणि अकरावं पुस्तक आपल्या घरच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, बारावं माझ्या उशीजवळ. फुल्यांचा अर्थ वर लिहिलाय, पुन्हा वाच. तिसरी मारायला मी थांबणार नाही. त्या दिवशी जेवताना तू एकटी हसली नव्हतीस, म्हणून तुला सांगतोय. टाईप करणं राहू दे. तुझ्या नवऱ्याला फोन कर आणि म्हण, घरी ये, बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय. मी काही बोललो तरी ऐकू नका.

मी बाहेर खुर्चीवर बसलोय. चप्पल घातलेली आहे.