बडोद्याला जाण्याआधीची सहल

तापलेल्या प्लॅस्टरला एक वास असतो. चुन्याचा, जुन्या रंगाचा आणि कुठूनतरी आत झिरपलेल्या ओलीचा असा तो मिश्र, किंचित घुसमटवणारा वास मे महिन्यातल्या भर दुपारी पिरॅमिडच्या भिंतीवर हात टेकवला तेव्हा मला आला. भिंत पोकळ होती. हाताखाली ती जराशी दबली आणि आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज झाला. हा पिरॅमिड इजिप्तमधला नव्हे. तो आमच्या वरसाव्याच्या अलीकडे, घोडबंदरच्या रस्त्यालगत, टेकडीच्या पायथ्याशी उभा आहे. त्याच्या शेजारी दुमजली घराएवढा आयफेल टॉवर आहे, पुढे हॉलंडची पवनचक्की आहे, आणि बोलता बोलता संपून जाते अशी चीनची भिंत आहे. साऱ्या पृथ्वीला चार एकरांत बसवण्याची ही हौस पाहून तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्या खेपेला आलं होतं.

ती पहिली खेप चार वर्षांपूर्वीची, अशाच उन्हाळ्याच्या सुट्टीतली. मी, माझी पत्नी शैला, आमची एकुलती एक लेक मुग्धा, जावई निखिल आणि त्यांची चार वर्षांची सई असे पाच जण होतो. मुग्धा त्या दिवशी कुणाला बसू देत नव्हती. एका देशातून दुसऱ्या देशात आम्हाला अक्षरशः ढकलत होती. "चला बाबा, इथे व्हिसा लागत नाही," असं म्हणून तिने मला पवनचक्कीच्या अरुंद जिन्यावर चढवलं होतं. डोलणाऱ्या जहाजात तिने सईला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि जहाज वर गेलं की तिच्या कानात ती काहीतरी गुणगुणत होती. खाली उभे राहून आम्ही दोघं ते पाहत होतो. सुखाचे क्षण असे समोरून जात असतात तेव्हा आपण सावली कुठे आहे, पाणी थंड आहे का, याच विवंचनेत का असतो?

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मुग्धाला ताप आला. साधा वाटणारा तो ताप आठवडाभरात तिला घेऊन गेला. त्याबद्दल अधिक लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. निखिलची नोकरी फिरतीची, म्हणून सई आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या घरी आली आणि आमची झाली. मूल घरात असलं की शोकालाही रोज सकाळी उठून डबा भरावा लागतो, वेण्या घालाव्या लागतात, शाळेच्या बससाठी कोपऱ्यावर उभं राहावं लागतं. शैला ते सगळं करत राहिली. लोक म्हणायचे, नातीने तुम्हाला तारलं. ते खरंच होतं. फक्त तारणारी काठी आपली नसते, कधीतरी ती परत द्यावी लागते, हे त्या दिवसांत आमच्या मनात आलं नव्हतं.

निखिलला बडोद्याला कायमची नोकरी मिळाली आणि गेल्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. त्याने ते आम्हाला विचारून केलं, घरी येऊन, खाली मान घालून. आम्ही होकार दिला. दुसरं काय म्हणणार होतो? मुलगी बडोद्यातच वाढलेली, मराठी घरातली, नाव अश्विनी. वर्षभर ती दर महिन्याला निखिलबरोबर आमच्याकडे यायची. आम्हाला काका-काकू म्हणायची, आणि सई तिला अशूमावशी म्हणायची. आता जूनपासून सईची शाळा बडोद्याला. तिला न्यायला ते दोघं गाडी घेऊन आले तेव्हा सईनेच हट्ट धरला, की जाण्याआधी त्या जगाच्या बागेत जायचं. तिथून पुढे पूल ओलांडला की गुजरातचा रस्ता सरळच आहे, म्हणून तिच्या बॅगा सकाळीच गाडीत भरल्या आणि आम्ही सगळे निघालो.

शैलाच्या गुडघ्यांमुळे आमचं चालणं संथ. घाई कुणालाच नव्हती, किंबहुना ती सहल संपू नये असंच आम्हा दोघांना वाटत होतं. टॉवरचा रंग पोपडे धरून सुटला होता. पवनचक्कीची पाती थांबली होती आणि जिन्यापाशी दोरी बांधली होती. मी मात्र जग पाहत नव्हतो, शैलाकडे पाहत होतो. ती सकाळपासून अश्विनीचं काहीतरी चुकायची वाट पाहत होती. सईला टोपी घातली का, तर घातली होती. उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी दिलं का, तर दिलं नव्हतं. सईने तिसऱ्यांदा आइस्क्रीम मागितलं तेव्हा अश्विनी रागावली नाही आणि वितळलीही नाही. "जेवण झाल्यावर," एवढंच म्हणाली, आणि सईने ते ऐकलं. शैलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्याला समाधान म्हणवत नाही.

जेवायला आम्ही एका पत्र्याच्या छपराखाली बसलो. समोर ते डोलणारं जहाज होतं. पुरी खाता खाता सई अश्विनीला सांगू लागली, "मी लहान होते ना, तेव्हा या जहाजात बसले होते. मला खूप भीती वाटली. मग आजीने मला असं घट्ट धरलं आणि कानात गाणं म्हटलं."

मी शैलाकडे पाहिलं. तिच्या हातातला घास तसाच राहिला होता. शैला त्या जहाजात कधी बसलीच नव्हती. तिला चक्कर येते. तिने नातीला सांगायला हवं होतं की बाळा, ती मी नव्हे. पण तिने काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. का नाही सांगितलं? गेली चार वर्षं रात्री गाणी म्हणत कुशीत घेणारे हात शैलाचेच होते. पोरीच्या मनाने ते हात उचलून त्या जहाजात नेऊन ठेवले, यात तिचा काय दोष? मुलांच्या आठवणी पाण्यासारख्या असतात, समोर जो आकार येईल तो त्या घेतात. हे मला समजत होतं. समजूनही वाटत होतं की मुग्धा त्या क्षणी, पत्र्याखालच्या त्या टेबलापाशी, पुन्हा एकदा गेली.

बोलली ती अश्विनी. "सई, ती आजी नव्हती गं. तुझी आई होती. बाबांच्या फोनमध्ये फोटो आहे, मी पाहिलाय. दाखव ना निखिल."

निखिलने फोन काढला. बराच वेळ त्याला तो फोटो सापडेना, की सापडूनही त्याची बोटं पुढे सरकत होती, कुणास ठाऊक. अखेर त्याने फोन सईसमोर धरला. जहाजाच्या टोकाशी मुग्धा, मांडीवर सई, दोघींची तोंडं उघडी. सईने तो नीट पाहिला. घरातल्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहावं तसा, आदराने.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. मग जरा थांबून, आमच्यापैकी कुणाला तरी वाईट वाटलं असावं असं ओळखून, "पण छान आहे फोटो," असंही म्हणाली आणि उरलेली पुरी खाऊ लागली.

माणूस एकदा जातं असं आपण समजतो. ते खरं नाही. आधी देह जातो, मग कपाटातल्या साड्यांचा वास जातो, मग आवाज जातो. आवाज आठवायला गेलं की फक्त शब्द आठवतात. आणि मग कधीतरी, ज्या एका मनात ते माणूस सगळ्यात जास्त काळ राहील असा आपला भरवसा असतो, तिथूनही ते निघून गेल्याचं आपल्याला असं जेवताना कळतं. त्याचा शोक कुणापाशी करायचा?

जेवणानंतर सई गोल फिरणाऱ्या कपांत बसली. इतक्या लगेच बसू नकोस असं शैला म्हणाली होती, अश्विनीही म्हणाली होती. पण निखिलला बहुधा त्या टेबलापासून उठायचं होतं, म्हणून त्याने तिला जाऊ दिलं. कप थांबले तेव्हा ती पांढरीफटक पडली होती. कठड्याबाहेर आली तेव्हा शैला सगळ्यात पुढे उभी होती, हात पसरून. मी शैलाच्या मागे होतो, म्हणून मला सईचा चेहरा दिसत होता. तिने आजीला पाहिलं, आणि तिच्या बाजूने पुढे गेली.

"आई, मला कसंतरी होतंय," असं म्हणून ती अश्विनीला बिलगली आणि तिच्या कपड्यांवरच ओकली.

तोवर तिने अश्विनीला कधी आई म्हटलं नव्हतं. आपण म्हटलं हे बहुधा तिलाही कळलं नाही. अश्विनीला कळलं. ओकारीने भरलेल्या ओढणीसकट तिने सईला धरून ठेवलं होतं, पण नजर शैलाकडे होती, आणि त्या नजरेत आनंद नव्हता. काहीतरी चोरलं म्हणून पकडलं जावं तशी ती घाबरली होती. "काकू," ती म्हणाली, "मी तिला शिकवलं नाही हो. खरंच."

शैलाने पसरलेले हात खाली घेतले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि अश्विनीच्या हातात दिला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "पाठीवरून हात फिरव तिच्या. वरून खाली. उलटा नको, तिला आवडत नाही."

अश्विनीने तसा हात फिरवला. शैला बाजूला उभी राहून पाहत होती, आणि एकदा, "जरा हळू," म्हणाली. सईचा श्वास सावकाश झाला. तेवढं झाल्यावर शैला सावलीतल्या बाकावर जाऊन बसली, तिथून सहल संपेपर्यंत उठली नाही. मी शेजारी बसलो. तिने माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. समोर शाळेला सुट्ट्या लागलेली पोरं एका देशातून दुसऱ्या देशात धावत होती.

निरोप फाटकाबाहेर झाला. निखिल पाया पडला. आम्हाला घरी सोडून मग पुढे जातो असं तो म्हणत होता, मीच नको म्हटलं. उलटं कशाला यायचं, रिक्षा मिळते. सई मागच्या सीटवर अश्विनीच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती. "आजी, दिवाळीत येते," एवढं ती झोपेत बोलली. काच वर गेली आणि गाडी वरसाव्याच्या पुलाकडे वळली. पुलावर ट्रकांची रांग होती, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहिली. ती चटकन दिसेनाशी झाली असती तर बरं, असं वाटण्याइतका वेळ.

रिक्षावाले समोर येऊन वेग कमी करत, आमच्याकडे पाहत आणि पुढे जात. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मुलगी चांगली आहे, शैला. सईला जपेल."

"हो," ती म्हणाली. "चांगलं वाढवेल तिला. मला दिसलं ना आज." ती पुलाकडेच पाहत होती. "जरा वाईट असती तर पोरीने मुग्धाची आठवण तरी काढली असती."

मी तिला गप्प केलं नाही. असं बोलू नये, असंही म्हणालो नाही, कारण तेच माझ्याही मनात होतं. पुढची रिक्षा आली, थांबल्यासारखी झाली. आम्हा दोघांपैकी कुणीच हात वर केला नाही.